पहिल्या दोन मिनिटांचं पाणी

४ जानेवारी, शनिवार

दुपारचा राग संध्याकाळ झाली तरी उतरत नाही, म्हणून प्रयोगशाळेतली ही जुनी वही काढून बसले. निम्मी पानं कोरी आहेत.

शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सात महिने झाले. धाकट्या बहिणीकडे राहते, तिच्या लाँड्रीच्या वर एक खोली रिकामी आहे. म्हटलं, कारखान्यामागच्या वस्तीतल्या नववीच्या मुलींना दर शनिवारी विज्ञान शिकवावं, हातानं प्रयोग करायला लावावेत. त्यासाठी शाळेत गेले, तर मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांचं कपाट मागितलंय.

"विज्ञान? त्या मुलींना? अहो, त्यांना शिवण दिलंय ना आम्ही. हाताला काम मिळतं."

मी विचारलं, कुणी निवडलं शिवण, मुलींनी का तुम्ही? तर म्हणे, "हुशार असत्या तर विज्ञान तुकडीत आल्याच असत्या की."

विज्ञान तुकडीची यादी मार्चमध्ये लागते. गेल्या सहा वर्षांच्या याद्या मी तिथंच मागून पाहिल्या. त्या वस्तीतलं एक नाव नाही. सहा वर्षांत एक नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, यंदा असेल. आणि चहा न घेता निघाले.

धाकटी म्हणते, "ताई, तू निवृत्त झालीस, पण तुझं खातं काही तुझ्यातून निवृत्त होत नाही."

११ जानेवारी, शनिवार

चार आल्या. जुळ्या दोघी, सारख्या हसतात, एकीला विचारलं तर दुसरी उत्तर देते. एक लांब वेणीवाली. आणि एक किडकिडीत मुलगी, जी दारातच म्हणाली, "बाई, हे शिकून यादीत नाव येतं का, ते आधी सांगा." तिचं नाव मी तिथंच वकीलबाई ठेवलं.

खोलीत खालच्या इस्त्रीची वाफ येते, भिंतीला हात लावला तर कोमट लागते. फळा लहान आहे. त्यावर पहिल्या दिवशी एवढंच लिहिलं: जे दिसलं ते लिहायचं. खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, शेजारी चूक लिहायची, खाली सही.

जुळ्यांनी विचारलं, खोडरबर का नाही? मी सांगितलं, खोडलं की चूक कुठं झाली तेच कळत नाही, आणि मग तीच चूक पुन्हा होते. एकतीस वर्षांत मी कुणाला खोडू दिलं नाही, स्वतःलाही नाही.

चौघींच्या वह्यांवर मी सही करून दिली. वकीलबाई माझी सही फार वेळ निरखत बसली. "तुम्ही नेहमी अशीच करता सही? हे शेपूट काढून?" मी म्हटलं, नेहमी. मुलीची नजर बारीक आहे. मला आवडली.

२५ जानेवारी, शनिवार

मागच्या शनिवारी काळ्या बाटलीची परीक्षा शिकवली. सोपी आहे. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून दोन दिवस ठेवायचं. पाण्यात मैला मिसळला असेल तर ते काळं पडतं. जुन्या प्रयोगशाळेतून मी शंभर बाटल्या मागून आणल्यात, त्यासाठीही दोन खेपा आणि तीन अर्ज. यंत्रणा!

नमुना घ्यायचा नियमही शिकवला, कारण सगळं त्यावर असतं. हात धुवायचे, तोटीचं तोंड ज्योतीनं शेकायचं, नळ दोन मिनिटं मोकळा सोडायचा, मग बाटली भरायची. दोन मिनिटं का, तर तोटीत साचलेली घाण निघून जावी आणि खरं पाणी मिळावं. हा नियम आमच्या शहरात मी लिहिलाय. अजून त्यावरच काम चालतं.

आज बाटल्या आणल्या. तिघींच्या स्वच्छ. वकीलबाईच्या पाचही काळ्या.

"दोन मिनिटं सोडलंस?"

"नाही."

"मग नमुना बाद."

"का?"

"नियम आहे."

"बाई, आमच्याकडं पाणी चाळीस मिनिटं येतं. एका नळावर अकरा घरं. दोन मिनिटं सोडलं तर मावश्या माझी वेणी उपटतील."

मी हसले, पण आतून चिडले होते. हीच तर अडचण असते. हुशारी आहे, शिस्त नाही. शिस्त नसली की मुख्याध्यापिकेसारख्या बायांना बोलायला आयतं मिळतं. एक रेघ मारायला लावली, शेजारी "नमुना घेण्यात चूक" लिहायला लावलं. तिनं लिहिलं. सही केली. ओठ एवढे घट्ट की पांढरे पडले होते.

१ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा पाच काळ्या! मुद्दाम करते. मी चांगलीच फैलावर घेतली. ती म्हणाली, "दोन मिनिटांनंतरचं पाणी पितं कोण, बाई? आम्ही पहिलंच भरतो."

मी म्हटलं, कोण काय पितं हा प्रश्न नाही, नळात काय येतं हा प्रश्न आहे. जुळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मलाही वाक्य नीट वाटलं नाही, पण वर्गात मागे फिरता येत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

वकीलबाईच्या घरी जाऊन आले. आई इस्पितळात चादरी धुते. एक खोली, एक खाट, भिंतीशी झाकलेल्या बादल्यांची रांग, खाटेखाली पत्र्याची पेटी. सगळं घासूनपुसून लख्ख. बाईचे हात साबणानं सोलवटलेले.

मी सांगितलं, मुलगी हुशार आहे, पण ऐकत नाही. आई म्हणाली, "ती पाण्याचं कुणाचंच ऐकत नाही, बाई. हिच्या पाठची गेली ना. आठ वर्षं झाली. सहा दिवस जुलाब, संपलं."

मग आपणहून सांगत राहिली. तेव्हा वस्तीत चार पोरं गेली होती. खात्याचा माणूस बाटली घेऊन आला. "मी बादली लावून उभी होते. म्हणाला, बादली काढ. नळ नुसता सोडून दिला. आमचं पाणी गटारात चाललं होतं, आणि तो घड्याळ बघत होता. मग बाटली भरली. पंधरा दिवसांनी कागद आला, पाणी चांगलं आहे. मग एक बाई आली, हात कसे धुवायचे दाखवायला. पाणी चांगलं निघालं, आमचेच हात खराब निघाले."

इतक्या शांतपणे बोलत होती की मला भडभडून आलं. चार लेकरं! अज्ञानाचे बळी, दुसरं काय. त्या भागाचे नमुने तेव्हा माझ्याच टेबलावर यायचे, मला स्पष्ट आठवतंय, एकही बाटली काळी नव्हती. खातं चोख होतं. म्हणजे घरात कुठंतरी चुकत असणार. मी तिला साबण लावायची पद्धत पुन्हा एकदा नीट करून दाखवली, बोटांच्या बेचक्यांसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं.

वकीलबाई दारात उभी राहून बघत होती. निरोप द्यायलाही आली नाही. या वयात मुलींना काय होतं कळत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भांडून आले. नियम असा की ज्या प्रकल्पाला परीक्षक पसंती देतील, त्या मुलींना विज्ञान तुकडीत थेट जागा. मुख्याध्यापिकेनं वस्तीतल्या मुलींसाठी विषयही ठरवून ठेवला होता: रिकाम्या डब्यांपासून शोभेच्या वस्तू. मी विचारलं, यात विज्ञान कुठंय? म्हणे, "पुनर्वापर आहे ना."

मी टेबलावर हात आपटला. त्यांचं पेन खाली पडलं. "वस्तीच्या नळाचं पाणी" हा विषय नोंदवूनच उठले. परीक्षक कोण, तर आमच्या खात्याचा आताचा प्रमुख. माझ्याच हाताखाली तयार झालेला, पिपेट कशी धरायची हेसुद्धा मी शिकवलेलं. म्हणजे पद्धत चोख असली की काम झालं.

मांडायचं वकीलबाईनंच. तिच्याइतकं तिघींना बोलता येत नाही. तिला नवी वही दिली आणि सांगितलं, यात फक्त नियमानं घेतलेल्या नमुन्यांच्या नोंदी उतरव. काळ्या बाटल्या नकोत, गोंधळ होईल.

"जुनी वही खोडायची का?" तिनं विचारलं.

"खोडायची नाही. ठेवून दे."

"बरं," म्हणाली. पहिल्यांदाच वाद घातला नाही. सुधारतेय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या गल्लीत मुख्य वाहिनी फुटलीय. काल दिवसभर पाणी नाही. आज सकाळी अर्धा तास येणार म्हणून सांगून गेले. मी पावणेसहापासून नळाशी बादली लावून बसले होते. नळ खाकरला, गढूळसं पाणी आलं, तशी बादली पुढे सरकवली. पाठोपाठ पातेली, कळशी, चहाचं भांडंसुद्धा.

धाकटी मागून म्हणाली, "ताई, दोन मिनिटं सोडायचं ना गं? तुझा नियम."

"आणि पाणी गेलं म्हणजे?" मी खेकसले.

ती हसत सुटली. तिला काय हसायला येतं कोण जाणे. तुरटी फिरवली, उकळलं, प्यायलो.

१ मार्च, शनिवार

लिहायला हात वळत नाही. संताप संताप झालाय.

प्रदर्शनात आमचं टेबल अगदी कोपऱ्यात, जिन्याखाली. मी तक्रार करणार तेवढ्यात परीक्षक आले. वकीलबाईनं नवी वही उघडलीच नाही. पिशवीतून जुनी काढली. मग टेबलावर बाटल्या मांडल्या, वीस मागच्या रांगेत, वीस पुढच्या. मागची रांग स्वच्छ. पुढची काळीभोर.

"हे नळ आला की लगेच घेतलेलं पाणी," ती म्हणाली. "हे दोन मिनिटांनंतरचं. नळ तोच, हात तेच, तोटी दोन्ही वेळा शेकलेली. दहा दिवस, रोज दोन बाटल्या पहिल्या, दोन नंतरच्या. दिवसभर नळ बंद असतो, नळी रिकामी असते, शेजारून गटार जातं. आत ओढलं जातं ते पहिल्या पाण्यात येतं. आम्ही पहिलंच भरतो, कारण पाणी चाळीस मिनिटंच असतं."

गर्दी जमली. मुख्याध्यापिका पुढे आल्या. परीक्षकाचा चेहरा उतरला. "पद्धत चुकीची आहे," तो म्हणाला. "नमुना असा घेत नाहीत." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हीच सांगा तिला. आम्हाला तुम्हीच शिकवलंत."

सगळे माझ्याकडे बघत होते. ती पण.

मी म्हटलं, "हो. नियमानं हा नमुना बाद आहे."

तिनं एकेक करून बाटल्या पिशवीत भरल्या. आवाज न करता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, डब्यांचं करा."

दोन महिने घालवले या मुलीवर! सांगितलेलं ऐकलं असतं तर आज यादीत असती. सगळं हातातलं घालवलं तिनं. तिनंच.

२ मार्च, रविवार

तिनंच असं काल लिहिलंय. खोडायचं नाही, म्हणून ठेवते.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. तोटी दोन्ही वेळा शेकलेली, हात तेच. मग तोटीतली घाण नाही, हातांची नाही. मग काय उरतं? इतकी साधी तुलना मी एकतीस वर्षांत एकदाही करून पाहिली नाही. पहिल्या पाण्याची एक बाटली कधी भरलीच नाही.

आणि त्या दिवशी बादली नळाखाली मीच सरकवली होती. धाकटी हसली ते यासाठी.

६ मार्च, गुरुवार

मंगळवारी पहाटे वस्तीच्या नळावर गेले होते. एकटीच. स्वतःच्या हातानं शेकलेली तोटी, माझ्या बाटल्या, माझं घड्याळ. सहा पहिल्या पाण्याच्या, सहा दोन मिनिटांनंतरच्या. तेरावी उकळलेल्या पाण्याची, ताडून बघायला. बायांनी रांगेत शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या.

आज सकाळी कपाट उघडलं. पहिल्या पाण्याच्या सहाच्या सहा काळ्या, बाकीच्या स्वच्छ.

धाकटीनं विचारलं, चहा ठेवू का? मी नको म्हटलं. मग तिला विचारलं, तुला ठाऊक होतं का? ती म्हणाली, "मला काय ठाऊक असणार, ताई? मी काही तपासत नव्हते." लागलं मला. लागायलाच हवं होतं.

१० मार्च, सोमवार

खात्यात गेले. प्रमुख साहेबांच्या टेबलावर बारा बाटल्या मांडल्या. त्यानं दार लावून घेतलं.

"मॅडम, हे बाहेर आलं तर जुने सगळे अहवाल उकरले जातील. त्यावर सह्या तुमच्या आहेत."

"ठाऊक आहे मला, कुणाच्या आहेत ते."

"मग कशाला?"

कशाला! चार लेकरं गेली आणि हा विचारतो कशाला. पण ओरडायचा हक्क मला उरला नव्हता, म्हणून ओरडले नाही. फक्त म्हटलं, "त्या मुलीचा प्रकल्प तू बाद केलास ना? लेखी दे. बाद का, ते लिही. खाली सही कर, तारीख घाल."

त्यानं पेन उचललं. काळ्या बाटल्यांकडे पाहिलं. मिनिटभरानं पेन खाली ठेवलं. त्याला मी शिकवलंय, सही म्हणजे काय असतं ते.

तिथूनच शाळेत गेलो, दोघंही.  त्यानं शाळेत प्रकल्पाच्या कागदावर पसंतीची खूण केली. मुख्याध्यापिकेनं विचारलं, "पण पद्धत?" मी म्हटलं, "पद्धत बरोबर होती. शिकवणारी चुकीची होती." जुने अहवाल नव्यानं तपासा असा अर्जही त्याच्या हातात दिला, पोचपावती घेऊन.

१४ मार्च, शुक्रवार

यादी लागली. छापील तेवीस नावं, आणि खाली शाईनं लिहिलेली चार. जुळ्यांनी मला मिठी मारली, एकीनं डावीकडून, एकीनं उजवीकडून. लांब वेणीवाली रडत होती. वकीलबाई यादीपाशी उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "शाईनं का? छापील का नाही?"

बरोबर आहे तिचं. मी भांडायला आत गेले. उद्या नव्यानं छापून लावतो म्हणालेत. बघू. मी उद्या जाणार आहे.

बाहेर आले तेव्हा ती थांबलेली होती. "बाई, रविवारी पहाटे घरी या. आईला तुमच्याशी बोलायचंय." मग म्हणाली, "खरं तर तुम्हालाच बोलायचंय तिच्याशी."

१६ मार्च, रविवार

पावणेपाचला पोचले. आई कामावर निघायच्या तयारीत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं. आठ वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर सही माझी होती. तो नियम माझा होता. तो माणूस बादली काढ म्हणाला, ते माझ्या नियमानं म्हणाला.

 मुलीनं खाटेखालची पेटी ओढली आणि तळातून घडी घातलेला कागद काढला. पाणी पिण्यायोग्य आहे. खाली माझी सही, शेपटासकट.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती विज्ञान शिकायला आली होती, पण त्याआधी मला बघायला आली होती.

तिनं पेन पुढे केलं. "एक रेघ, बाई. खोडायचं नाही."

मी रेघ मारली. सरळ आली. शेजारी लिहायला घेतलं: नमुना घेण्यात चूक. ती वाकून बघत होती. "घेण्यात नाही. घेणाऱ्यानं तुमचंच ऐकलं."

"नियमात चूक" असं लिहिलं. तारीख घातली, सही केली. म्हटलं, हा खात्यात देते, अर्जाला जोडते. आईनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. "त्यांना नक्कल द्या. हा माझा आहे."

मग ती कागदाकडे बघत राहिली. वाचता येतं का तिला, मी कधी विचारलं नव्हतं. सहीवरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे माझे हात स्वच्छ होते."

मी हो म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

बाहेर नळ खाकरला. बाया धावल्या. वकीलबाई आधी पोचली आणि तोटीसमोर हात आडवा करून उभी राहिली. पाणी जोरात फरशीवर पडून गटाराकडे वाहायला लागलं. मागून एक म्हातारी ओरडली, "अगं ए, पाणी सोडलंय कुणी?"

"जाऊ दे, मावशी," ती म्हणाली. "ते प्यायचं नाही."

मी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं.